एप्रिलचा पैसा

माझं लग्न २०१० साली झालं, तेव्हा आमचे हे साक्री तालुक्यातल्या एका विनाअनुदानित शाळेत शिकवत होते. पगार असा नव्हताच. वर्षातून दोन-तीनदा काही रक्कम हातावर पडायची, आणि सुट्ट्यांत हे सासऱ्यांबरोबर शेतात राबायचे. शाळांच्या मान्यतेतली ‘कायम विनाअनुदानित’ ही अट शासनाने २००९ मध्ये शिथिल केली होती, त्यामुळे आज ना उद्या अनुदान येईल या आशेवर कितीतरी शिक्षक दिवस काढत होते. २० टक्क्यांचा टप्पा जाहीर झाला तो २०१६ मध्ये. आमच्यापर्यंत तो त्याहून उशिरा पोचला. मधल्या वर्षांत साक्रीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या, एक मुलगी, एक मुलगा झाला, आणि मी घरी फॉल-पिको करायला, ब्लाउज शिवायला लागले.

आता आमच्या बचतगटात नव्या सुना येतात. त्यांच्यापैकी बऱ्याच जणींची घरं तशाच अनिश्चित कमाईवर उभी आहेत. कोणाचा नवरा हायवेवरच्या ढाब्यावर, कोणाचा गॅरेजमध्ये, कोणाचा कांद्याच्या गाड्या भरायला. त्या विचारतात, ताई, तुम्ही कसं भागवलं? त्यांना युक्त्या हव्या असतात, आणि त्या मी सांगतेही. पण त्याआधी एक गोष्ट विचारते : तुमच्याकडे एप्रिलमध्ये रोख पैसा किती असतो?

आपल्या खानदेशात घराचा सगळा भार एप्रिल ते जून या तीन महिन्यांवर पडतो. नवे गहू तेव्हाच बाजारात येतात. वर्षाची मिरची, हळद, चिंच भरायची वेळ तीच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नणंदा माहेरी येणार, त्यांना मांडे-आमरस आणि साडी-चोळी हवी. लग्नसराई तेव्हाच. जून उजाडला की वह्या, दप्तर, गणवेश. आणि कमाई? कपाशीचे पैसे माघापर्यंत संपलेले असतात. उन्हाळी कांद्याचा भाव काय लागेल ते कांदा पिंपळनेरच्या बाजारात नेल्याशिवाय कळत नाही. शिवणकामाला लग्नसराईत बरं असतं, पण बायका पैसे देतात ते लग्न उरकल्यावर.

म्हणजे वर्षभराची वस्तू जेव्हा स्वस्त असते, तेव्हा हातात दमडी नसते. मग ती वस्तू वर्षभर किलो-किलोने, पाव-पाव किलोने, दुकानातून उधार आणायची. उधारीवर माल आणणाऱ्या बाईला भाव विचारता येत नाही, वजन पुन्हा करा म्हणता येत नाही, डाळीत खडे निघाले तर परत करता येत नाही. दुकानदार वाईट असतो असं नाही, त्याचेही पैसे अडकलेले असतात. पण गरिबाच्या घरात तीच डाळ श्रीमंताच्या घरापेक्षा महाग शिजते, हे मी स्वतःच्या वहीत लिहून पाहिलं तेव्हा मला पटलं. वही घातली होती खर्च कापण्यासाठी. कापण्यासारखं त्यात फारसं निघालं नाही. दिसलं ते हे, की एका वर्षात आम्ही जवळजवळ सगळं धान्य सर्वांत महाग महिन्यांत घेतलं होतं.

सासूबाईंना हे वहीशिवाय माहीत होतं. दहिवेलच्या बाजूच्या त्यांच्या घरात कोठी भरलेली असल्याशिवाय त्यांना पावसाळा लागायला नको असायचा. त्या म्हणायच्या, “घरमा दाना शे, मंग कसानी चिंता?” पण त्यांचं धान्य शेतातून येत होतं. आमचं विकत होतं, आणि चार माणसांचं अडीच क्विंटल गहू, क्विंटलभर बाजरी-ज्वारी एकदम घ्यायला लागणारी रक्कम आमच्या घरात एकत्र कधी दिसायचीच नाही.

ती रक्कम गटातून आली. आमचा गट बारा जणींचा. महिन्याला प्रत्येकी १०० रुपये बचत, आणि साठलेल्या पैशातून आपसात कर्ज, महिन्याला दोन टक्क्यांनी. पहिली दोन-तीन वर्षं आम्ही ही कर्जं दवाखाना, फी, कोणाच्या घरचं बारसं अशा अडीअडचणीलाच देत होतो. धान्यासाठी कर्ज मागायला लाज वाटायची. खायला कर्ज काढतात का, असं एक जण म्हणालीही. तेव्हा आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. दहा हजार घेतले आणि महिन्याला हजारप्रमाणे फेडले, तर पहिल्या महिन्याचं व्याज २००, दुसऱ्याचं १८०, असं उतरत शेवटच्या महिन्यात २०. एकूण ११००. नव्या गव्हाचा आणि दिवाळीनंतरच्या गव्हाचा फरक किलोमागे चार-पाच रुपयांचा धरला, तरी एकट्या गव्हात हे व्याज जेमतेम निघतं. खरा फायदा तुरीत, मिरचीत, तेलात आणि उधारी सुटण्यात होता. शिवाय ते ११०० रुपये बाहेर कुठे जात नव्हते, गटातच राहत होते आणि वर्षअखेरीस आमच्याच वाट्याला येत होते. त्यानंतर आमच्या गटात एप्रिलचं कर्ज हा नेमच झाला.

धान्य घेणं सोपं, सांभाळणं कष्टाचं. गहू आले की आधी चाळायचे, पाखडायचे, मग गच्चीवर दोन-तीन कडक उन्हं द्यायची. आमच्याकडे एप्रिलचं ऊन असं, की दुपारी बाराला टाकलेल्या गव्हात हात घातला तर चटका बसतो. हे ऊनच खरं औषध. गहू गरम असताना कोठीत भरायचे नाहीत, रात्रभर पसरून पूर्ण थंड होऊ द्यायचे, नाहीतर कोठीच्या पत्र्याला आतून घाम येतो आणि तळाचे गहू जाळी धरतात. मग तळहाताला एरंडेल लावून थोडे-थोडे गहू चोळायचे, आणि कोठीत थरांमध्ये सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला घालायचा. मूग-मटकीला राख. कोठीतून काढायला हात कोरडा हवा, आणि झाकण एकदा उघडलं की आठवड्याचं धान्य काढूनच लावायचं. माझी मुलगी लहानपणापासून हे बघत आली आहे. हात घालून गव्हाला ओल आहे का ते ती आता माझ्याइतकंच ओळखते.

तुरीचं तसंच. हायवेने कोंडाईबारीचा घाट उतरलं की विसरवाडी, पुढे नवापूर. नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन आहे, आणि चवीला ती आहेच तशी. पण डाळ म्हणून घेतली तर भारी पडते. आम्ही अख्खी तूर घेतो, तेल-पाणी चोळून मुरवतो, वाळवतो आणि भरडून आणतो. टरफल आणि चुनी म्हैसवाल्याला जाते, तो त्या बदल्यात आम्हाला दुधात सवलत देतो. मिरची नंदुरबार-दोंडाईच्याकडची, चार घरांनी मिळून. तेलाचा १५ किलोचा डबा तीन घरांत वाटून. हे वाटणं तोंडी नको, वजनकाट्यावरच हवं. मैत्रिणींत कडूपणा यायला छटाकभर तेल पुरतं, हे मी दुसऱ्या गटात पाहिलं आहे.

भाजीचं सांगते. साक्रीच्या आठवडे बाजारात सकाळी भाजी घेणारे वेगळे आणि दिवस कलल्यावर घेणारे वेगळे. पश्चिम पट्ट्यातल्या पाड्यांवरून आलेल्या बायकांना परतीची गाडी गाठायची असते. त्या वेळी गिलकी, वांगी, मेथी यांचे वाटे निम्म्या भावात मिळतात. मी तेव्हाच जाते, पण त्या सांगतील त्या भावावर आणखी ओढाताण करत नाही. समोरची बाईही घरच चालवते आहे. तिच्या दोन रुपयांनी माझी बचत होत असेल, तर ती मला नको.

आणि भाजी परवडत नाही असे आठवडे येतात, विशेषतः वैशाखात, तेव्हा आपल्या आजी-पणजींनी केवढं ठेवून दिलंय ते कळतं. फुणके, डुबुकवडे, पातोडीचा रस्सा, शेवभाजी, कढी, घोटलेलं बेसन. एकालाही बाजारातली हिरवी भाजी लागत नाही. फुणक्यांसाठी डाळी भिजवून जाडसर वाटायच्या, त्यात लसूण, मिरची, कांदा घालून मुठीने वळून वाफवायचे. वरून कच्चं तेल आणि बाजूला कढी. हे गरिबीचं जेवण म्हणून मुलांपुढे कधी ठेवू नका. आमच्याकडे फुणके म्हणजे रविवारचा बेत असायचा. कळण्याची भाकरीही तशीच : ज्वारीबरोबर सालासकटचे उडीद दळलेले, वर मिरचीचा ठेचा, तेल. पोटात डाळ जाते आणि पिठाला वेगळा पैसा लागत नाही. उन्हाळ्यात बिबडे, कुरडया, पापड करायला आम्ही एकमेकींच्या घरी पाळीने जातो. ज्वारी भिजत घालण्यापासून खाटेवर बिबडे घालेपर्यंत हे एकटीने करायचं म्हटलं, तर करणारी आजारी पडेल.

आजारी पडण्याचं निघालं म्हणून एक प्रसंग लिहिते, कारण काटकसरीचं बोलताना तो मला नेहमी सांगावासा वाटतो. गटातली एक मुलगी, पहिलंच बाळ पोटात होतं. घर टापटीप, वही चोख, दर महिन्याला बचत वेळेवर. आम्ही तिचं कौतुक करायचो. आशाताईंनी तपासणीला नेलं, तर हिमोग्लोबिन सातच्या घरात. मग उलगडलं : ती दूध नवऱ्याला आणि दिराला द्यायची, स्वतः कोरा चहा प्यायची. भाजी संपली की चटणीशी जेवायची. तिची बचत तिच्या स्वतःच्या ताटातून निघत होती. पुढे रक्त चढवावं लागलं, धुळ्याच्या चकरा झाल्या, आणि वर्षभरात वाचवलं त्याहून जास्त गेलं. पैशाचं सोडा, त्या पोरीचे हाल आम्ही डोळ्यांनी पाहिले. तेव्हापासून आमच्या बैठकीत हिशेब झाला की मी विचारते, आज सकाळी तू काय खाल्लंस? सुरुवातीला सगळ्या हसायच्या. आता सांगतात. शेंगदाणे, गूळ, हिरवी भाजी आणि लोहाच्या गोळ्या घेणं ही आमच्याकडे बचतीइतकीच सक्तीची गोष्ट आहे. घरात कात्री लावायची तर ती पोरांच्या दुधाला, बाईच्या जेवणाला आणि औषधाला लावायची नाही. या तीन गोष्टी सोडून बाकी सगळं बोलता येतं.

वीजबिलाचं गणित मला ह्यांनी समजावलं. आपल्याकडे घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो. पहिल्या १०० युनिटांना एक दर, त्यापुढे ३०० पर्यंत जवळजवळ दुप्पट. म्हणजे ९५ युनिटांचं घर आणि १४० युनिटांचं घर यांच्या बिलात वाटतो त्यापेक्षा बराच फरक पडतो. ६० वॅटचा जुना बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याला ९ युनिट जातात, ९ वॅटच्या एलईडीला दीडही लागत नाही. २०१५ नंतर एलईडी बल्ब स्वस्त झाले, तेव्हा सगळ्यांत आधी आम्ही ते बदलले. महिन्याच्या विसाव्या दिवशी मीटर बघायचं काम मुलाचं. आंघोळीचं पाणी आम्ही अजून बंबात तापवतो. त्याला सासरच्या शेतातली पऱ्हाटी आणि तुराट्या येतात, आणि गॅसची टाकी त्यामुळे पंधरा दिवस जास्त पुरते. धुराचा त्रास होतो म्हणून बंब मागच्या उघड्या अंगणात ठेवलाय.

पण किराणा, वीज, गॅस या सगळ्यांत मिळून वर्षभरात जे वाचतं, ते एका दवाखान्यात एका रात्रीत जाऊ शकतं. सासऱ्यांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा हे जवळून पाहिलं. त्यांची अँजिओप्लास्टी आमच्या खिशातून झाली नसती. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये राज्यातल्या आठ जिल्ह्यांत आधी सुरू झाली आणि त्यात आपला धुळे जिल्हा होता. पुढे २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. केशरी शिधापत्रिकेवर सगळं झालं, पण त्यासाठी पत्रिकेवर नाव, ओळखपत्र आणि कागद हाताशी हवे होते. ते होते, कारण सासरे कागदांची पिशवी स्वतः जपायचे. मी नव्या जोडप्यांना पहिल्याच बैठकीत सांगते की सुनेचं आणि बाळाचं नाव शिधापत्रिकेवर चढवा. तहसीलला दोन फेऱ्या होतील, होऊ द्या. आणि बँकेत जाऊन अपघात विम्याचा फॉर्म भरा. पंतप्रधान सुरक्षा विमा योजना २०१५ ला आली तेव्हा वर्षाला १२ रुपये कापले जायचे, २०२२ पासून २० रुपये. संरक्षण दोन लाखांचं. जिचा नवरा रोज मोटारसायकलवरून हायवेने जातो, तिने हे टाळू नये.

पैसा ठेवायचा कुठे, हा प्रश्न खानदेशात हसण्यावारी नेण्यासारखा नाही. काही वर्षांमागे इथे पतसंस्था अडचणीत आल्या तेव्हा जादा व्याजाच्या मोहाने ठेवलेली लोकांची पेन्शनची, मुलींच्या लग्नाची रक्कम अडकली. म्हणून मी पोस्टाचं नाव घेते. व्याज डोळ्यात भरण्यासारखं नसतं, पण झोप लागते. सुकन्या समृद्धी योजना जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी मुलीचं खातं उघडलं. तेव्हा वर्षाला किमान १००० रुपये भरावे लागायचे, २०१८ पासून ती अट २५० वर आली. काही वर्षं आम्ही किमान रकमेवरच चालवलं, पण खातं बंद पडू दिलं नाही. दहावीनंतर शिक्षणासाठी त्यातली निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते, हे तिलाही माहीत आहे, आणि ती त्याचा विचार करून पुढचं ठरवते आहे.

नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या तो आठवडा आमच्या गटाला विसरता येणार नाही. ज्वारीच्या डब्यातून, साडीच्या घडीतून, देवाच्या पाटाखालून नोटा निघाल्या. जवळजवळ प्रत्येकीकडे नवऱ्याला न सांगता ठेवलेलं काहीतरी होतं. ते बाळंतपणासाठी, माहेरच्या अडचणीसाठी, नवऱ्याने पिऊन घालवू नये म्हणून. ३० डिसेंबरच्या आत बँकेत भरायचं म्हणजे घरात सांगणं आलं. एकीच्या घरी यावरून मार बसण्याची वेळ आली आणि आम्ही सहा जणी तिच्या दारात जाऊन बसलो. पण काही घरांत उलटंही झालं. नवऱ्याला पहिल्यांदा कळलं की ही चार वर्षांत एवढं साठवू शकते. आमच्या घरी हे शांतपणे म्हणाले, मला सांगितलं असतंस तर मीही टाकले असते. तेव्हापासून वही दोघांची झाली. महिन्याचा हिशेब हेच लिहितात, आणि चहाच्या टपरीवर किती गेले तेही त्यात येतं. तरीही, बाईच्या एकटीच्या नावावर एक खातं असावं आणि ते घरात सगळ्यांना माहीत असावं, असं माझं ठाम मत आहे.

लग्नसराईवर मात्र घराच्या आत कितीही ठरवून भागत नाही, भावकीने ठरवावं लागतं. टॉवेल-टोपी, साड्या, आहेर हे एकमेकांकडे फिरत राहतं. कोणी वापरत नाही आणि पैसा मात्र प्रत्येकाचा जातो. आमच्या भावकीत काही घरांनी मिळून हे बंद केलं. वऱ्हाडाला मान द्यायचा तो हात जोडून आणि जेवण वाढून, आहेर म्हणून पाकीट, तेही एका ठरलेल्या रकमेचं. पहिल्या वर्षी रुसवे झाले. एका मावशींनी जेवायलाच नकार दिला. दुसऱ्या वर्षी त्यांच्याच नातवाचं लग्न निघालं आणि त्यांनी पत्रिकेवर ‘आहेर आणू नये’ छापून घेतलं.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा नवे गहू घ्यायचे होते, पण आदल्या वर्षीचे कोठीत अजून होते, तूरडाळ होती, बिबडे-कुरडया होत्या. शिवणकाम बंद, शाळा बंद. त्या वेळी आम्हाला किराणा दुकानासमोर रांग लावावी लागली नाही, उलट शेजारच्या भाडेकरू कुटुंबाला पीठ देता आलं. गटाने त्या तीन महिन्यांचे हप्ते पुढे ढकलले. व्याज घ्यायचं की नाही यावर वाद झाला आणि शेवटी घ्यायचं नाही असं ठरलं. तसा ठराव लिहून ठेवलाय.

यंदा गटात तीन नव्या सुना आल्यात. त्यांची बचत अजून काही महिन्यांचीच आहे, त्यामुळे नियमाने त्यांना एप्रिलचं मोठं कर्ज मिळत नाही. पण गहू तर याच एप्रिलला घ्यावे लागतील. जुन्या दोघींनी आपला वाटा त्यांच्यासाठी सोडायची तयारी दाखवली आहे, एकीने हरकत घेतली आहे, आणि तिचंही म्हणणं चूक नाही, कारण मागे एक कर्ज असंच बुडालं होतं. फेब्रुवारीच्या बैठकीत निर्णय व्हायला हवा. मार्चअखेरीस भाव फुटतो, आणि ट्रॅक्टरवाल्याला किती क्विंटल ते आधी सांगावं लागतं.